जुन्या गोव्याला जाताना दोन्ही काठ पाहा

(पर्यटन : शंका-समाधान)

दिवाळीनंतरच्या सहलींविषयी या वेळी आलेल्या पत्रांत करकंब आणि पंढरपूर परिसरातली पत्रे जास्त आहेत. विषय जवळपास एकच असल्याने उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आम्ही चार शिक्षकांची कुटुंबे. युरोपातले एखादे जुने शहर पाहावे, तिथले पदार्थ खावेत अशी फार दिवसांची इच्छा आहे. माणशी खर्च ऐकून बेत बारगळला. आता सगळे म्हणतात, जुन्या गोव्याला जा. ही नुसती मनाची समजूत तर नाही ना?
– एक शिक्षक, करकंब

उत्तर : मुळीच नाही. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले आणि पुढे ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. ज्याने गोवे पाहिले त्याने लिस्बन नाही पाहिले तरी चालेल, असे पोर्तुगीज लोकच म्हणत. इथल्या चर्च आणि मठांना १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

पाहण्याची सुरुवात मात्र बसथांब्यापासून न करता मांडवीच्या धक्क्यापासून करा, कारण जुन्या काळी शहरात पाऊल पडायचे ते नदीतून. धक्क्याजवळच व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने ती पणजोबांच्या स्मरणार्थ १५९९ च्या सुमारास उभारली. तिथून चालत सेंट कॅजेटनच्या चर्चला जा. त्याची बांधणी रोमच्या सेंट पीटर्सवरून घेतली आहे. पुढे से कॅथेड्रल लागते. १५६२ मध्ये सुरू झालेले हे काम १६१९ पर्यंत चालले. दर्शनी बाजूला एकच मनोरा दिसेल, कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला. रस्ता ओलांडला की बॉम जेझूस बॅसिलिका येते. १५९४ मध्ये बांधायला घेतलेली ही वास्तू १६०५ मध्ये पुरी झाली. बाहेरून गिलावा नसल्याने तिचा तांबडा जांभा दगड उघडा दिसतो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव इथेच चांदीच्या पेटीत आहे.

शेवटी टेकडीवर चढून सेंट ऑगस्टीन चर्चचे भग्नावशेष पाहा. जवळपास ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिचे अवशेष याच जागी सापडले आणि २०२१ मध्ये भारताने ते तिच्या देशाला दिले.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे चर्च आहेत, पण शहर नाही. साथीच्या रोगांनी लोक हटले, व्यापार डचांनी ओढून नेला, १८३० च्या दशकात मठ बंद झाले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. युरोपी वळणाच्या गल्ल्या, रंगीत घरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे पाहायचे तर दहा किलोमीटरवरच्या पणजीत, फोंताइन्हास म्हणजे मळा भागात जायला हवे. दोन्ही ठिकाणे मिळून तुमच्या मनातले शहर पुरे होते.

प्रश्न : जायचे कसे, किती दिवस आणि केव्हा? द्राक्षबागेमुळे फार दिवस घर सोडता येत नाही.
– एक बागायतदार, करकंब

उत्तर : तीन मुक्काम पुरतात. रेल्वेने जायचे तर पंढरपूरहून मिरज आणि मिरजेहून बेळगाव-लोंढामार्गे मडगाव. मिरजेला गाडी बदलावी लागते, म्हणून दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवा. रस्त्याने सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी असे जाता येते. आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरा. मुक्काम समुद्रकिनारी न करता पणजीत करा. जुने गोवे, बाजार आणि बसस्थानक सगळे तिथून जवळ पडते.

काळ म्हणाल तर कार्तिकी एकादशी झाल्यावरचे दिवस किंवा जानेवारीचा दुसरा पंधरवडा. सेंट झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात. तेव्हा जुन्या गोव्यात आषाढीच्या पंढरपुराची आठवण होईल अशी गर्दी असते. तो सोहळाच पाहायचा असेल तर जरूर जा, वास्तू निवांत पाहायच्या असतील तर ते दिवस टाळा. नाताळ ते नवे वर्ष या आठवड्यात खोल्यांचे दर फार चढतात. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालतात. म्हणून जुन्या गोव्यासाठी सोमवार ते गुरुवारमधली सकाळ धरा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, आत हळू बोला. देवळात पाळतो तीच शिस्त इथे पाळायची.

प्रश्न : आम्ही माळकरी. गोव्यात गेल्यावर खायचे काय? भाकरी-चटणीची शिदोरीच न्यावी का?
– एक गृहिणी, करकंब

उत्तर : प्रवासापुरती शेंगाचटणी आणि कडक भाकरी जरूर न्या. तिथे पोचल्यावर मात्र गाठोडे बांधूनच ठेवा, कारण गोव्याचा शाकाहार फार श्रीमंत आहे. सकाळी पणजीच्या साध्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव मागा. सोबत केळ्याचे गोडसर फुगीर बन मिळतात. दुपारच्या थाळीत तोणाक म्हणजे कडधान्याची भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली भाजी, सोलकढी आणि नशीब असेल तर खतखते. खतखत्यात तूरडाळ, अनेक भाज्या आणि तिरफळ असते. कांदा-लसूण नको असेल तर तसे आधी सांगा. देवळांच्या परिसरातल्या खाणावळींना ही मागणी नवी नाही.

तीन ठिकाणी विचारून खा. बेबिंका हे थराथरांचे गोड नारळाच्या दुधाचे असले तरी त्यात अंड्याचा बलक असतो. कोंड्याची पोई हा पाव पूर्वी माडाच्या सुरेने आंबवत. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात, तरी पदेराला म्हणजे पाववाल्याला विचारावे. रस्सेदार पदार्थात कधी सुरेपासून केलेला व्हिनेगार असतो. याउलट तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध आटवून केलेले दोदोल आणि पेरूची वडी पेराद तुम्हाला चालेल. हरभऱ्याच्या डाळीची आणि खोबऱ्याची दोस ही वडी तर पुरण आवडणाऱ्या घरात सगळ्यांना आवडेल.

प्रश्न : ज्यांनी देवळे पाडली त्यांची चर्च पाहायला आम्ही का जावे? आमच्या भजनी मंडळात यावरून वाद झाला.
– भजनी मंडळाचे एक सदस्य, करकंब

उत्तर : तुमची वेदना खरी आहे आणि ती बाजूला ठेवून जा, असे मी म्हणणार नाही. देवळे पाडली गेली हा इतिहास आहे. गोव्यात धर्मन्यायसभा (इन्क्विझिशन) १५६० मध्ये आली आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिली. तिने हिंदूंना छळले, तसे नवख्रिस्ती झालेल्यांनाही छळले. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो, हे शहर नदीच्या एकाच काठावरून पाहू नका.

दुसरा दिवस यासाठी ठेवा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथले. पोर्तुगीज काळात देऊळ गेले आणि लिंग पलीकडच्या नार्वे गावी नेले गेले. तिथले मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवले. दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्वेला उतरता येते. भक्तांनी ज्या नदीपलीकडे देव नेला, तीच नदी तुम्ही ओलांडत असता. मंगेशाचे देवस्थान १५६० मध्ये साष्टीतल्या कुशस्थळीहून प्रियोळला आले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. ही दोन्ही स्थाने फोंडा भागातली. तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता, म्हणून देव तिथे सुरक्षित राहिले.

आणखी एक गोष्ट मंडळात सांगा. आज बॅसिलिकेत गुडघे टेकणारा गोवेकर त्या सत्तेचा वारस नाही, तो याच मातीतला माणूस आहे. त्याच्या श्रद्धास्थानी आपण पाहुणे म्हणून जायचे.

प्रश्न : आम्ही मासे-मटण खाणारे. गोव्याची खरी चव कुठली?
– एक तरुण, मोडनिंब

उत्तर : आपली बाजार आमटी जशी बाजारगावातच कळते, तशी ही चवही जिथे रोजचा स्वयंपाक चालतो तिथेच कळते. किनाऱ्यावरची झगमगीत हॉटेले सोडा, पणजीच्या बाजाराभोवतीची खाणावळ धरा. माशाचे हुमण आणि भात, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर हे हिंदू घरातले जेवण. शाकुती आणि हिरव्या मसाल्यातले काफ्रियाल एका दिवशी, विंदालू दुसऱ्या दिवशी. विंदालू हे नावच पोर्तुगीज आहे. वाइन आणि लसूण यांत मुरवलेले मांस असा त्याचा मूळ अर्थ. गोव्यात वाइनच्या जागी सुरेचा व्हिनेगार आला आणि मिरची पडली. खरे विंदालू, सोरपोतेल आणि शोरीस डुकराच्या मांसाचे असतात, तेव्हा मागवण्याआधी विचारा.

जेवताना हेही लक्षात असू द्या की आपल्या आमटीतली मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्याच जहाजांनी आणली. पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, चावी हे मराठी शब्द त्यांच्या भाषेतून आले. हापूस हे नाव आफोन्सोवरून पडले.

प्रश्न : मुलगी युरोपात नोकरीला आहे. ती आम्हाला लिस्बन दाखवणार आहे. तयारी काय करावी?
– एक निवृत्त कर्मचारी, पंढरपूर

उत्तर : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. लिस्बन चढउतारांचे शहर आहे, म्हणून गुडघे दुखत असतील तर मुक्काम बायशा या सपाट भागात घ्या. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग पडला, पण आल्फामाच्या जुन्या गल्ल्या बऱ्याच अंशी टिकल्या. बेलेंचा जेरोनिमुश मठ चुकवू नका. वास्को द गामाची समाधी तिथे आहे आणि मठाच्या बांधकामाला मसाल्याच्या व्यापारावरचा कर लागला आहे. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. शाकाहारी असाल तर ‘काल्दू वेर्द’ या हिरव्या सारातही मांसाचा तुकडा असतो, हे ध्यानात ठेवा. शहरात राधाकृष्णाचे मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळते. आणि जाण्याआधी एकदा जुने गोवे पाहून घ्या. मग लिस्बनमध्ये निम्मे ओळखीचे भेटेल.

सर्व वाचकांना एकच विनंती आहे. सहलीच्या कागदावर ठिकाणांची यादी वाढवू नका. सकाळी एक वास्तू, दुपारी एक चांगले जेवण आणि संध्याकाळी नदीकाठी तासभर बसणे, एवढे रोज जमले तरी तीन दिवसांत शहर मनात राहील.