बालकाचा लळा कसा पारखतात

आई उठून गेली असतां जें मूल रडत नाहीं त्यास 'शहाणें' म्हणण्याचा आपल्यांत प्रघात आहे. आणि जें आकांत करितें त्यास हट्टी व लाडावलेलें ठरवून लोक त्याच्या आईस बोल लावितात. हा न्याय बरोबर आहे काय? बालमनाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनीं ह्या प्रश्नाचा फार बारकाईनें शोध केला आहे, आणि त्यांचें उत्तर पुष्कळांस अनपेक्षित वाटेल. म्हणून त्या शोधाची हकीकत आजच्या पाठांत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मूल आईस धरून राहतें तें केवळ दुधासाठीं, असें पूर्वीं पुष्कळ शास्त्रज्ञांचेंही मत होतें. जॉन बोल्बी (१९०७–१९९०) ह्या इंग्रज डॉक्टरांनीं तें खोडून काढिलें. भय वाटलें, दुखलें-खुपलें, म्हणजे जिच्याकडे धांव घ्यावी अशी एखादी व्यक्ति असणें ही मुलाची उपजत गरज आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ह्या लळ्याची दुसरीही एक बाजू आहे. आपलें माणूस जवळ आहे अशी खात्री पटली म्हणजे तेंच मूल त्यास सोडून दूर जातें व जग पाहूं लागतें.

मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) ह्या विदुषीनें हें प्रत्यक्ष घरांत बसून पाहिलें. १९५४ सालीं त्या आफ्रिकेंतील युगांडा देशांत गेल्या आणि कंपाला शहराजवळच्या खेड्यांत दुभाष्यास बरोबर घेऊन २६ कुटुंबांस वारंवार भेटी देऊं लागल्या. रांगतें मूल आईपासून दूर जाई, वस्तू हाताळी, मधून मधून मागें वळून पाही, आणि परत येऊन तिला हात लावून पुन्हा निघे. आई बाहेरून आली म्हणजे तेथील गंडा लोकांचीं मुलें टाळ्या वाजवून तिचें स्वागत करीत. आणखी एक गोष्ट त्यांस दिसली: ज्या माता आपल्या मुलाच्या लहानसहान संवयी तपशीलवार सांगूं शकत, त्यांचीं मुलें बहुधा निर्धास्त असत. अशा मातांस कोणी पुस्तक वाचून दाखविलें नव्हतें.

पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं २६ कुटुंबांत एन्सवर्थ बाई व त्यांचे सहकारी मूल वर्षाचें होईपर्यंत दर तीन आठवड्यांनीं जात व प्रत्येक वेळीं सुमारें चार तास बसत. परंतु तेथील मुलांस आईच्या घरांतल्या घरांत जाण्यायेण्याची इतकी संवय होती कीं त्यांचें मन घरीं स्पष्ट दिसेना. म्हणून त्यांनीं परक्या जागीं करावयाची एक परीक्षा योजिली. तिचें नांव 'अपरिचित प्रसंग'.

ती अशी: बारा ते अठरा महिन्यांच्या मुलास घेऊन आई एका अनोळखी खोलींत येते. खोलींत खुर्च्या व खेळणीं असतात. भिंतींत एका बाजूनें आरसा व दुसऱ्या बाजूनें आरपार दिसणारी कांच असते. तीमागें निरीक्षक बसतात. मूल खेळूं लागलें म्हणजे एक परकी बाई येते. आधीं गप्प बसते, मग आईशीं बोलते, मग मुलाजवळ जाते. आई बाहेर जाते, परत येते, परकी बाई जाते. नंतर आई पुन्हा जाते व मूल अगदीं एकटें राहतें. मग परकी बाई येते, आणि शेवटीं आई. एकंदर आठ भाग. पहिला अगदीं थोडका, बाकीचे तीन तीन मिनिटांचे. मूल फार रडूं लागलें तर तो भाग लागलाच आवरतात.

आतां निरीक्षक काय पाहतात? आई गेल्यावर मूल किती रडलें, ह्याला येथें फारसें महत्त्व नाहीं. आई परत आल्यावर तें काय करितें, ह्याकडे मुख्य लक्ष असतें. तें जवळ येतें काय, बिलगून राहतें काय, तोंड फिरवितें काय, कीं झिडकारितें, ह्या प्रत्येकाला एक ते सात असे गुण देतात.

कांहीं मुलें रडतात, पण आई येतांच तिच्याकडे जातात, शांत होतात व पुन्हा खेळूं लागतात. हा निर्धास्त लळा होय. १९७८ सालच्या एन्सवर्थ बाईंच्या ग्रंथांत १०६ मुलांची नोंद आहे. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश अशीं होतीं. कांहीं मुलें आईस बिलगतात आणि त्याच वेळीं हातपाय झाडून तिला लोटतात. त्यांचें समाधान होत नाहीं. आणि कांहीं मुलें आई गेली तरी रडत नाहींत, आली तरी पाहत नाहींत, खेळण्यांतच मान घालून बसतात. हींच तीं आपलीं 'शहाणीं' मुलें! १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजिले, तेव्हां वरून शांत दिसत असतांही ते वाढलेले आढळले. दुःख होतें, तें आईकडे नेण्याची वाट मात्र मूल सोडून देऊं लागलें होतें.

मेरी मेन व जुडिथ सॉलोमन ह्यांनीं १९८६ सालीं चौथा प्रकार वर्णिला. त्यांतील मूल आईकडे जातां जातां मध्येंच थिजतें किंवा तोंड फिरवून तिच्याकडे सरकतें. अशा खुणांवरून त्या घरांत मुलास छळतात असा निवाडा करूं नये, असें ह्या विषयांतील पुष्कळ तज्ज्ञांनीं २०१७ सालीं एकत्र येऊन बजाविलें आहे.

ही परीक्षा मुलाच्या स्वभावाची नव्हे. एकाच मुलाचा लळा आईशीं एका तऱ्हेचा व बापाशीं किंवा आजीशीं दुसऱ्या तऱ्हेचा असूं शकतो. शिवाय देशोदेशींच्या रीतीही ध्यानांत घ्याव्या लागतात. जपानांतील सप्पोरो शहरीं समाधान न पावणारीं मुलें पुष्कळ निघालीं; कारण तेथील मुलांस आईवांचून राहण्याची संवयच नव्हती, मग तीन मिनिटें एकटेपण म्हणजे केवढा आघात! १९८८ सालीं आठ देशांतील ३२ अभ्यास ताडून पाहिले, तेव्हां देशादेशांतील अंतरापेक्षां एकाच देशांतील निरनिराळ्या अभ्यासांमधील अंतर अधिक भरलें. ज्या घरांत मूल दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असतें, तेथें ह्या गोष्टीचा विचार अगत्याचा आहे. म्हणून कोणीं वाचकानें हें वाचून आपल्या लेंकरास खोलींत एकटें कोंडून पाहूं नये. परीक्षकांसही गुण देण्याची रीत दीर्घ शिक्षणानेंच साधते.

एव्हरेट वॉटर्स ह्यांनीं पुढें दुसरी एक रीत काढिली. शिकलेला निरीक्षक कांहीं तास घरांत बसून आई व मूल ह्यांचा नित्याचा व्यवहार पाहतो, आणि मग ९० पत्त्यांवर लिहिलेलीं वाक्यें त्या मुलास कितपत लागू पडतात ह्याप्रमाणें त्यांचे नऊ गट लावितो. तींत मुलास एकटें ठेवावें लागत नाहीं.