गुण म्हणजे दोरीसुद्धा

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 14, श्लोक 5 ते 8

परवा सुट्टीला कड्याला घरी गेलो होतो. संध्याकाळी पुतणीचा मराठीचा गृहपाठ चालला होता : 'गुण' शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा. तिने पटापट लिहिलं. मला गणितात चांगले गुण मिळाले. आईचे गुण मुलीत उतरले. आजोबांना औषधाचा गुण आला. मग थांबून म्हणाली, "काका, भजनात देवाला निर्गुण म्हणतात. म्हणजे देवाला शून्य मार्क?"

सगळे हसले. पण चूक कुठे होते ते तिला सांगावं लागलं. शब्दाचा अर्थ शेजारचं क्रियापद ठरवतं. मिळाले तर मार्क, उतरले तर स्वभाव, आला तर उतार. निर्गुण म्हणजे सत्त्व, रज, तम या तिन्हींच्या पलीकडचा. चांगुलपणा नसलेला नव्हे.

आता भगवंतांचं क्रियापद पाहा. या श्लोकांत ते आहे 'बांधणे'. संस्कृतात गुण म्हणजे दोराही, धनुष्याची दोरीही. तम बांधतो आळसाने, झोपेने. रज बांधतो कर्माच्या हव्यासाने. आणि सत्त्व? तेही बांधतं, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने. आपण गुण म्हणजे मार्क असं धरून वाचतो, म्हणून सत्त्वाला पहिला नंबर देऊन मोकळे होतो. दावं रेशमाचं असलं तरी खुंट्याचं जनावर बांधलेलंच.

हे लिहिताना मला त्याच दिवसाची सकाळ आठवते. पहाटे पाचला मी हाच अध्याय काढून बसलो होतो. धाकटा भाऊ अण्णांना आंघोळ घालायला पाणी नेत होता. बादली वाजली. मी म्हणालो, "जरा हळू रे, वाचतोय." तो "बरं दादा" म्हणाला आणि पाय न वाजवता गेला. तो कधी पोथी उघडत नाही. हे मी मनात धरून होतो, हेही खरं.

संध्याकाळी पुतणीचं तिसरं वाक्य वाचलं आणि घास अडकल्यासारखं झालं. आजोबांना औषधाचा गुण आला. ते औषध रोज वेळेवर कोण देतं? मी नाही.

दुसऱ्या दिवशी बादली मी उचलली. भाऊ म्हणाला, "तू वाच की दादा."

"वाचून झालं," मी म्हणालो.

झालं नव्हतं. पुढे श्लोक 21 मध्ये अर्जुन विचारतो, या गुणांच्या पलीकडे जायचं कसं? श्लोक 26 मध्ये उत्तर येतं : अढळ भक्तीने केलेल्या सेवेने. तो श्लोक मी अण्णांची पाठ चोळताना मनात म्हटला.

आजचा अभ्यास : आपल्या कोणत्या चांगल्या सवयीमुळे घरातल्या कुणाला हळू चालावं लागतं, ते पाहू या.

प्रार्थना : देवा, माझ्या चांगुलपणाची गाठही तूच सोडव.

राम कृष्ण हरी.