‘होत आलंय’ म्हणजे नक्की किती गं?

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘ताई, मला हे जमणार नाही.’ अगं, लीड होऊन तुला जेमतेम दीड महिना झालाय. हाताखाली आठ माणसं, महिनाअखेरची तारीख, क्लायंटचे रोजचे फोन. घाबरली नसतीस तरच मला काळजी वाटली असती. चहा करून घे आणि निवांत वाच.

खरं सांगू का, तू काम उत्तम करायचीस म्हणून तुला लीड केलं, आणि तू अजून तेच करत बसली आहेस. दुसऱ्यांचा कोड रात्री जागून नीट करतेस. बघ, त्यानं तू दमतेस आणि त्यांना कळतही नाही की कुठे चुकलं. हे आजपासून बंद. तुझं काम आता वेगळं आहे: अडचण जिथे उगवते तिथून ती तुझ्यापर्यंत लवकर पोचली पाहिजे.

हे मी शिकले ते फार महागात. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये बिलिंगची जुनी सिस्टीम काढून नवी आणायची होती. दर सोमवारी मी विचारायचे, ‘किती झालं?’ ‘ऐंशी टक्के, मॅडम.’ पुढच्या सोमवारी पंच्याऐंशी. मी ते वहीत उतरवून घ्यायचे आणि वर तसंच कळवायचे. गो-लाइव्हला चार दिवस राहिले तेव्हा समजलं, जुन्या ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टीममध्ये नीट बसतच नाहीये. टीममधल्या सगळ्यात लहान मुलाला हे तीन आठवड्यांपासून माहीत होतं. ‘बोलला का नाहीस रे?’ म्हटलं, तर खाली मान घालून म्हणाला, ‘मागे सांगायला आलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रॉब्लेम घेऊन येऊ नकोस, सोल्यूशन घेऊन ये.’ ते वाक्य मी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि मला फार आवडलं होतं. तारीख सहा आठवडे पुढे गेली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो गं.

पंगत बसल्यावर आमटीत मीठ नाही हे कळून काय उपयोग? उकळी फुटतानाच कुणीतरी चाखून सांगायला हवं, आणि सांगणाऱ्याच्या अंगावर आपण वसकन जायचं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्याच नावावर चुका जास्त! मग उलगडा झाला तो असा, की त्या टीममधली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणानं बोलत होती. म्हणून तुझ्या टीममध्ये कुणीच काही अडचण सांगत नसेल, तर मला आनंद नाही, धास्ती वाटते.

तेव्हा ‘किती झालं?’ हा प्रश्न सोडून दे. ‘काय राहिलंय? कशापाशी अडेल?’ असं विचार. मोठ्या कामाचे दोन-तीन दिवसांचे तुकडे पाड. तुकडा झाला किंवा नाही झाला, मधले टक्के मोजायचे नाहीत. भात शिजला का विचारल्यावर ‘कुकर लावलाय’ हे काही उत्तर नव्हे.

क्लायंट आणखी चार माणसं द्यायला तयार आहे म्हणतेस. लगेच हो म्हणू नकोस हं. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० चं अवाढव्य काम सांभाळलं आणि १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये लिहून ठेवलं, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. हिशेब कर ना. आठ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या २८ होतात, बारा जणांत ६६. शिवाय नव्यांना शिकवणार कोण? तुझी सगळ्यात हुशार दोघं, म्हणजे तीही कामातून गेली. घ्यायचीच असतील तर एखाद-दोन घे आणि त्यांना टेस्टिंगसारखं सुटं काम दे.

आणि या शुक्रवारी एक तास काढच. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही युक्ती, ते तिला ‘प्री-मॉर्टेम’ म्हणतात. सगळ्यांना सांगायचं, ‘समजा, तारीख उलटून गेली आणि प्रोजेक्ट साफ फसलाय. का फसला ते लिहा.’ दहा मिनिटं, न बोलता, आपापल्या कागदावर. एरवी जे बोलणं कुरकुर वाटतं, ते इथे मागितलेलं असतं, म्हणून माणसं खरं लिहितात. सगळ्यात नवख्याला आधी वाचू दे, तू शेवटी वाच. जे निघेल त्यातलं तारखेला धक्का देणारं क्लायंटला त्याच आठवड्यात सांग, पुढचे दोन मार्ग हातात घेऊन. ते चिडतील, पण आज चिडलेले परवडतात.

ती कोपऱ्यातली मुलगी, मीटिंगमध्ये कधीच तोंड उघडत नाही म्हणालीस ना, तिच्याबरोबर उद्या डबा खा. सहज विचार, ‘तुला कशाची भीती वाटतेय?’ ती बोलायला लागली की मध्ये तोडू नकोस, उपाय सुचवायची घाई करू नकोस, नुसतं ऐक. रात्री मला फोन कर. साडेआठनंतर मी मोकळी असते.