सोयराबाईंच्या माथी कोणाचा डाग?

प्रश्न : ‘छावा’ वाचली, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ पाहिले. दोन्हीकडे सोयराबाई कारस्थानीच. कागदोपत्रीही त्या तशाच आहेत का? – एक वाचक, पौड, ता. मुळशी

उत्तर : अगदी तशा नाहीत, आणि निर्दोषही नाहीत. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले आणि त्याच महिन्यात राणी सोयराबाईंच्या दहा वर्षांच्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवले गेले. यात सोयराबाईंबरोबर अण्णाजी दत्तोंसारखे मातब्बर कारभारी होते. त्यांना थोरले राजपुत्र संभाजीराजे नको होते. तरीही ऑगस्ट १६८० च्या संस्कृत दानपत्रात खुद्द संभाजीराजे या सावत्र आईला निर्मळ मनाची म्हणतात. पुढे १६८१ मध्ये नवा कट उघडकीस आला आणि त्याच साली सोयराबाईंचा अंत झाला.

मग खलनायिका आली कुठून? मल्हार रामराव चिटणीसांची बखर सव्वाशे वर्षांनंतरची. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी देहदंड दिला होता. साहजिकच बखरीचा सारा रोख राजांवर. सोयराबाईंना त्यांनी भिंतीत चिणून मारल्याची कथाही तिथलीच. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र आले आणि राजांवरचे किटाळ दूर होऊ लागले. कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चे, सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. ललित लेखकांनी राजांना न्याय दिला, हे मोठेच काम. पण त्यांच्यावरचा डाग पुसताना तो सोयराबाईंच्या पदरी टाकला, असे मला ठामपणे वाटते.

असे इतरत्रही घडले आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया आठवा. तिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा टायबेरियस ऑगस्टसनंतर गादीवर आला. टॅसिटसने शतकभरानंतर तिच्याविषयीच्या विषप्रयोगाच्या कुजबुजी नोंदल्या. १९३४ मध्ये रॉबर्ट ग्रेव्ह्जने ‘आय, क्लॉडियस’मध्ये त्यांवरून थंड डोक्याची विषकन्या उभी केली. मुलासाठी राज्य मागणाऱ्या राणीच्या हाती विषाचा पेला देणे लेखकांना सोपे जाते. तिचे राजकारण लिहायचे, तर दरबारातले तट, फौजेचा कल, खजिन्याच्या किल्ल्या, सगळेच मांडावे लागते.

आणि इथे तर केवढा ऐवज आहे! सरसेनापती हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. त्यांनी भाच्याला बाजूला ठेवून संभाजीराजांची बाजू घेतली आणि अष्टप्रधानांचा बेत कोसळला. फौज भावाच्या हाती असूनही सोयराबाईंनी त्याला आधी विश्वासात का घेतले नाही, की घेऊनही तो वळला नाही? हा प्रश्न मध्यभागी ठेवून लिहिलेली कादंबरी मला वाचायची आहे.