पुस्तकाची पीडीएफ आणि भावाची इभ्रत



रमजानच्या तोंडावरचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जालना शहरातील, किंवा अंबड, परतूर, भोकरदन अशा कोणत्याही गावातील एका मोहल्ल्याचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. एक बंधू रोजाच्या मसाइलवरील दोनशे पानांच्या मराठी पुस्तकाची पीडीएफ गटात टाकतो. दहा जण 'जजाकल्लाह' म्हणून आभार मानतात. अकरावा विचारतो, "हे पुस्तक दुकानात विक्रीला आहे. प्रकाशकाची परवानगी घेतली का? नसेल तर ही चोरी नव्हे काय?" बारावा उत्तर देतो, "दीनचे इल्म कोणाच्या मालकीचे नसते." इथपर्यंत ही चर्चा आहे. पुढे इशाच्या नमाजपर्यंत 'प्रकाशकाचा दलाल', 'स्वयंघोषित मुफ्ती', 'मुनाफिक' असे शब्द उच्चारले जातात, कोणाच्या तरी घरातील जुने भांडण उकरले जाते, एक जण सगळ्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या गटात पाठवतो आणि दोघे गट सोडतात. फज्रला ज्याची जागा पहिल्या सफमध्ये ठरलेली, तो दुसऱ्या दिवशी लांबच्या मशिदीत जातो.

प्रसंग मी रचलेला आहे, परंतु तो ओळखीचा वाटणार नाही असा वाचक विरळा. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, पुस्तकाची प्रत परवानगीवाचून वाटता येते काय? दुसरा, या प्रश्नावर आपण आपसात कसे बोलावे? हे दोन्ही प्रश्न हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांच्या एकमेकांवरील हक्कांच्या प्रकरणात येतात. अल्लाहच्या हक्कात झालेली कसूर अल्लाह आपल्या कृपेने माफ करील; माणसाच्या हक्काचा हिशेब मात्र त्या माणसाशीच चुकता करावा लागतो.

प्रथम पुस्तकाचा प्रश्न घेऊ. जालनेकरांना तो परका वाटू नये. आपले शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला. एक नवे वाण तयार करण्यात वर्षानुवर्षांची मेहनत असते आणि ती मेहनत मूठभर दाण्यांत मावते. मग त्या दाण्यांवर हक्क कोणाचा? २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने यावर मोठा समतोल निर्णय दिला. संरक्षित वाणाचे बी शेतकऱ्याने राखावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, त्याच्याशी अदलाबदल करावी, विकलेही तरी चालेल. पण ते पिशवीत भरून त्या वाणाचे नाव-लेबल लावून विकण्याची त्याला मुभा नाही. शेजारधर्म राहिला आणि मेहनतीचे मोलही राहिले.

पुस्तकाची पीडीएफ मात्र बियाण्याहून वेगळी आहे. संकरित वाणाचे बी राखून दुसऱ्या वर्षी पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही. पीडीएफची हजारावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच शुद्ध असते आणि ती पाठवायला एक क्षणही लागत नाही. जुन्या काळी ग्रंथ उतरवून घेणाऱ्याला महिनोन्‌महिने बसावे लागे. त्या श्रमानेच प्रतींची संख्या आटोक्यात राही. म्हणूनच आपल्या जुन्या फिकहच्या ग्रंथांत हा प्रश्न आजच्या स्वरूपात आढळत नाही. छापखाना आल्यावर तो उभा राहिला आणि विद्वानांत खरोखर मतभेद झाला.

हा मतभेद लपवू नये. देवबंदच्या परंपरेतील थोर विद्वान मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी ग्रंथलेखनाचा हक्क ही विकण्याजोगी वस्तू मानली नाही. ज्याने पुस्तक विकत घेतले तो त्या प्रतीचा मालक झाला, मग त्याला नक्कल करण्यापासून कसे रोखावे, असा या पक्षाचा युक्तिवाद होता. शिवाय इल्म लपविणाऱ्याविषयीची कठोर ताकीद त्यांच्या समोर होती. पुढे त्यांचेच सुपुत्र मुफ्ती तकी उस्मानी यांनी या विषयाची सविस्तर चर्चा करून वेगळे मत मांडले: लोकव्यवहारात ज्या हक्काला मोल आले आहे आणि कायद्याने ज्याची नोंद होते, तो हक्क मालासारखाच समजावा. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनानेही लेखनाचे व संशोधनाचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करू नये, असा ठराव केला. पिता-पुत्रांच्या मतांत एवढे अंतर पडले, तरी पुत्राच्या लेखणीतून पित्याविषयी अनादराचा शब्द उतरला नाही. आपल्या गटातील मंडळींनी एवढे जरी ध्यानात घेतले तरी अर्धे काम होईल.

माझ्या मते आजच्या परिस्थितीत दुसरा पक्ष अधिक बळकट आहे. पवित्र कुरआनने एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई केली असून परस्पर संमतीचा व्यापार हा मार्ग दाखविला आहे (४:२९), आणि करार पाळण्याची आज्ञा दिली आहे (५:१). मुस्लिम आपल्या अटींनी बांधलेले असतात, अशा आशयाची हदीसही आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'परवानगीशिवाय पुनर्मुद्रण करू नये' असे छापलेले असते आणि ती अट पाहूनच आपण ते विकत घेतो. शिवाय देशाचा जो कायदा आपल्याला अल्लाहची अवज्ञा करायला लावत नाही, त्याचे पालन हाही नागरिक म्हणून दिलेला शब्दच आहे. "दीनची सेवा मोफतच हवी" असे म्हणणाऱ्यांनी सहीह बुखारीतील ती हदीस पाहावी, जिच्यात अल्लाहच्या ग्रंथाबद्दल घेतलेला मोबदला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वैध ठरविला आहे. मराठीत इस्लामी पुस्तके काढणाऱ्या संस्था मुळात थोड्या. त्यांची हजार प्रतींची आवृत्ती चार-पाच वर्षे कपाटात पडून राहिली आणि तिची पीडीएफ मात्र घरोघरी पोहोचली, तर पुढचे पुस्तक कोण काढील? अनुवादक, मुद्रितशोधक, बांधणी करणारा कारागीर या सर्वांच्या घरी चूल असते.

आता कायद्याचे म्हणणे काय, हेही नीट समजून घ्या, कारण दोन्ही पक्ष ते अर्धवट सांगतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा, लागू आहे. १९९४ आणि २०१२ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. तो विचारांना कुंपण घालत नाही, शब्दरचनेला घालतो. रोजा कशाने तुटतो हा मसअला कोणाच्याही मालकीचा नाही. तो ज्या वाक्यांत समजावून सांगितला ती वाक्ये लेखकाची आहेत. कुरआनचा मूळ मजकूर कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, पण त्याचा नवा मराठी अनुवाद किंवा एखाद्या कारीच्या तिलावतीचे ध्वनिमुद्रण यांमागे माणसाचे श्रम आहेत आणि त्यांना संरक्षण आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. मौलाना अबुल कलाम आझाद २२ फेब्रुवारी १९५८ रोजी निवर्तले. म्हणून त्यांच्या हयातीत छापलेला 'तर्जुमानुल कुरआन' १ जानेवारी २०१९ पासून सर्वांना खुला आहे. तो निःशंक वाटा. मात्र त्याचा अलीकडे कोणी अनुवाद केला असेल तर त्या अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे राहतो.

दुसरीकडे, कायदा वाचकाला कोरडे हाकलून देत नाही. कलम ५२ नुसार स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी उचित प्रमाणात उतारा घेता येतो, आणि शिक्षकाला शिकविण्याच्या ओघात मजकुराच्या प्रती विद्यार्थ्यांना देता येतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. स्वामित्वहक्क हा लेखकाला निरंकुश मालकी देणारा नैसर्गिक अधिकार नव्हे, अशी भूमिका त्या निकालात घेतली आहे. अपिलात खंडपीठाने काही मुद्दे फेरतपासणीसाठी पाठविले, परंतु २०१७ साली प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. म्हणजे मक्तबच्या मुअल्लिमाने एका पुस्तकातील दोन पाने मुलांसाठी छापून घेतली तर त्याला चोर म्हणणारा स्वतः अन्याय करतो. पण संपूर्ण पुस्तक पाचशे अनोळखी क्रमांकांवर पाठविणे हे शिकविणे नव्हे. 'आम्ही पैसे घेत नाही, मग गुन्हा कसला?' हा समजही चुकीचा आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, एवढीच सवलत.

मोबदल्याहून मला नावाचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. एखाद्याचा लेख उचलायचा, खालचे नाव पुसायचे आणि आपले नाव किंवा आपल्या गटाचे चिन्ह लावून पुढे पाठवायचे, ही गोष्ट आपल्याकडे दररोज घडते. लेखकाने हक्क विकून टाकले असले तरी आपल्या लेखनावर नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ ने त्याच्याकडे राखला आहे. कुरआनने तर आपण न केलेल्या कामाची स्तुती व्हावी अशी हौस बाळगणाऱ्यांना कठोर इशारा दिला आहे (३:१८८). ज्या उम्मतने एकेका हदीसबरोबर ती सांगणाऱ्यांच्या नावांची साखळी जपली, तिच्या लेकरांनी लेखाखालचे नाव पुसावे यासारखी शोकांतिका नाही. पूर्वी विद्यार्थी उस्तादाजवळ ग्रंथ वाचून संपवी, मग उस्ताद त्याला तो पुढे शिकविण्याची इजाजत लिहून देई. मक्केच्या विजयप्रसंगी प्रेषितांनी (स.) भाषण दिले, तेव्हा यमनच्या अबू शाह यांनी ते आपल्याला लिहून मिळावे अशी विनंती केली, आणि अबू शाहसाठी लिहून द्या, असे प्रेषितांनी (स.) फर्माविले. ही घटना स्वामित्वहक्काचा पुरावा म्हणून मी सांगत नाही. विचारण्याची अदब तेवढी तीत पाहावी, आणि विचारल्यावर किती उदारपणे मिळाले तेही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गटातील ज्या बंधूने परवानगीविषयी विचारले, त्याचा प्रश्न रास्त होता. पण दोनशे माणसांसमोर 'चोरी' हा शब्द वापरण्याची गरज नव्हती. पीडीएफ टाकणारा बहुधा सवाबच्या आशेने आला होता. त्याला एकट्याला संदेश पाठविता आला असता, फोन करता आला असता. मूसा (अलै.) यांना फिरऔनसमोर पाठवितानाही अल्लाहने नरमाईने बोलण्यास सांगितले (२०:४४). आपल्या मोहल्ल्यातील तो भाऊ फिरऔन नव्हे, आणि आपणही मूसा नव्हेत.

उत्तर देणाऱ्यांनी तर सूरह अल-हुजुरातची एकेक मनाई ओळीने मोडली. थट्टा, टोमणे, वाईट नावे ठेवणे, वाईट संशय, दुसऱ्याच्या गोष्टी खोदून काढणे, पाठीमागे निंदा करणे, हे सर्व एका पाठोपाठच्या दोन आयतींत निषिद्ध झाले आहे (४९:११-१२). स्क्रीनशॉटचा विचार येथेच करा. कोणी बोलता बोलता इकडे तिकडे पाहिले तर ती गोष्ट अमानत ठरते, असे हदीसमध्ये आले आहे. मर्यादित लोकांसाठी लिहिलेला संदेश त्याच्या लेखकाला न विचारता भलत्या गटात नेणे ही अमानतीतील खयानत आहे. गंमत अशी की पुस्तकाच्या प्रतीवर तावातावाने बोलणारा मनुष्य भावाच्या खाजगी वाक्याची प्रत काढताना क्षणभरही थांबत नाही.

गटाच्या अ‍ॅडमिनविषयी एक शब्द. गटातील सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिले म्हणून केवळ अ‍ॅडमिन असल्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिला. कायदा तेथे थांबतो. पण ज्याच्या हातात चर्चा थांबविण्याचे बटण आहे आणि जो मजा पाहत बसतो, त्याने कायद्याच्या आडोशाला राहू नये. तास-दोन तास गट बंद ठेवला तर कोणाचे काही बिघडत नाही.

सहीह मुस्लिममधील 'मुफ्लिस'ची हदीस आपण खुतब्यांत अनेकदा ऐकली आहे. कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला माणूस कंगाल ठरेल, कारण त्याने कोणाला शिवी दिली, कोणावर आळ घेतला, कोणाचा माल खाल्ला. त्याच्या नेक्या हक्कदारांना वाटल्या जातील. लक्षात घ्या, माल आणि इभ्रत येथे एकाच यादीत आहेत. पुस्तक पाठविणारा पहिल्या कलमात सापडू शकतो, त्याला शिवी देणारा दुसऱ्यात.

ज्यांच्या हातून हे घडून गेले त्यांच्यासाठी मार्ग अवघड नाही. पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता आणि फोन क्रमांक छापलेला असतो. जे झाले ते सांगावे, माफी मागावी, शक्य असेल तितक्या प्रतींची किंमत पाठवावी. ऐपत नसेल तर तसे स्पष्ट सांगून माफ करून घ्यावे. धार्मिक पुस्तके काढणारा प्रकाशक बहुधा माफ करतो, आणि 'गरजूंसाठी काही पाने पाठविली तर चालेल का' असे आधी विचारल्यास पुष्कळदा होकारही मिळतो. गटात त्या फाइलऐवजी पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत आणि ते जेथे मिळते तो पत्ता टाकावा. चार घरांनी मिळून एक प्रत घेतली आणि मशिदीच्या कपाटात ठेवली तर गरीब विद्यार्थ्याचीही सोय होते.

राहिला तो लांबच्या मशिदीत गेलेला भाऊ. युनुस अस्सदफी यांनी सांगितले आहे की एका मसअल्यावर वाद होऊन ते इमाम शाफिई (रह.) यांच्यापासून दूर झाले. पुढे भेट झाली तेव्हा इमामांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि एका मुद्द्यावर एकमत नसले तरी आपण भाऊ म्हणून राहू शकत नाही काय, असे विचारले. हे काम संदेशाने होणार नाही. त्याच्या घरी जावे लागेल, आणि ज्या गटात त्याला बोल लावला त्याच गटात नाव न घेता आपली चूकही लिहावी लागेल. इशानंतर तो घरी असतो.