खेळात वेळ वाया जातो का?

प्रश्न : मी अमराठी मुलांना मराठी शिकवते. उजळणीला खेळ घेतला की गोंगाट होतो, धडा मागे पडतो. खेळ बंद करू का?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : बाई, बंद नका करू. आठवून सांगणं हीच खरी उजळणी. नुसती वही वाचून तेवढं पक्कं होत नाही. वर्गाचे तीन कोपरे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असे ठरवा. ‘खिडकी’ म्हटलं की मुलं ‘ती’कडे पळतील, ‘फळा’ म्हटलं की ‘तो’कडे. ‘टेबल’ला गोंधळ उडेल, उडू द्या! मग तिथूनच ‘फळ्यावर’, ‘खिडकीत’ वदवून घ्या. जागा नसेल तर शब्दांच्या भेंड्या आहेतच. दहा मिनिटं पुरे. चुकलेल्याला मात्र बाद करू नका, पुढचा शब्द त्यालाच पुकारू द्या.