मुखगत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म
शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास लघु आहार द्यावा, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात सांगितले आहे. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत मात्र रुग्ण उपाशी असावा, हा अपवादही तेथेच आहे. त्याच्या आधारे दाढ काढावयास निघालेल्या प्रत्येक रुग्णास उपवास सांगणे योग्य नव्हे. केवळ हिरडी बधिर करून दात काढावयाचा असल्यास हलके जेवून जावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारा रुग्ण उपाशी राहिल्यास साखर उतरून खुर्चीतच घाम, कंप, प्रसंगी मूर्च्छा संभवते. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास मात्र घन आहार किमान ६ तास व साधे पाणी २ तास आधी बंद असावे. त्या दिवशीच्या इन्सुलिनची मात्रा भूलतज्ज्ञास विचारूनच ठरवावी.

अधिक दुर्लक्षित राहतात ती आपलीच औषधे. रुग्ण दंतशल्यचिकित्सकास ॲस्पिरिन सांगतो, गुग्गुळ वा लसणाचे कल्प सांगत नाही. त्यांना तो औषध समजतच नाही! रक्त गोठण्यावर त्यांचा परिणाम संभवतो, म्हणून चालू कल्पांची यादी वैद्याने स्वतः लिहून द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणीही परस्पर बंद करू नये. नित्य गंडूष करणाऱ्यास, दात काढल्यावर २४ तास तो वर्ज्य, हे आधीच बजावावे. जोराच्या चुळीने खाचेतील रक्ताची गुठळी निघून जाते.